पिवळी दोरी आणि घासाचं बी

जालन्याच्या मोंढ्यात सोयाबीनचा भाव फळ्यावर लिहिलेला असतो, तुरीचा असतो, मक्याचाही असतो. घासाच्या बियाचा भाव कुठेच लिहिलेला नसतो. तो फोनवर असतो आणि ज्याला विचाराल त्याच्याकडे वेगळा असतो. सकाळी एक व्यापारी एक सांगतो, दुपारी दुसरा त्याहून वीस रुपये जास्त सांगतो आणि वर म्हणतो, “कुणाला सांगू नका बरं.” तिसऱ्याला विचारलं तर तो आधी हसतो. मला मुळातच एका जागी स्वस्थ बसता येत नाही. भाजी फोडणीला टाकून मी अंगण झाडून येते, इतका माझा उतावळा स्वभाव. अशा बाईनं हे पीक करावं, हीच मोठी चूक म्हणायची.

लसूणघास म्हणजे जनावरांचा हिरवा चारा. आम्ही त्याला नुसतं घास म्हणतो. बदनापूरपासून जवळच्या आमच्या गावात पुष्कळ लोक चाऱ्यासाठी घास करतात. आम्ही दोन एकर करायचो, ते बियासाठी. नोव्हेंबरात पेरायचा, दोन कापण्या घ्यायच्या, मग फेब्रुवारीत विळा बाजूला ठेवून त्याला फुलू द्यायचं. जांभळी फुलं येतात, मधमाश्या येतात, उन्हात वेटोळ्या शेंगा वाळतात आणि त्यातून मोहरीएवढं पिवळसर बी पडतं. बियाण्याची कंपनी ते घेते. पण पेरताना भाव ठरत नाही. बी पास होईल त्या दिवशी बाजारात जो असेल तो आपला. म्हणजे सहा महिने जीव टांगणीला, आणि तोही भलत्याच गोष्टीवर.

भलत्याच अशासाठी, की घासाचं बी महाग व्हायला लोकांची वैरण संपावी लागते. कडब्याची पेंढी परवडेनाशी झाली की ज्याच्या विहिरीला थोडं पाणी आहे तो घास पेरायला धावतो आणि बियाचा भाव चढायला लागतो. त्या वर्षी पोळ्यानंतर पाऊस गेला तो गेलाच. टीव्हीवर चारा छावण्यांचं नाव निघालं की गावात लोकांची तोंडं उतरायची, आणि आमच्या घरात आमचे हे रिमोट घेऊन आवाज वाढवायचे. मला त्याची लाज वाटायची आणि तरी मी कान देऊन ऐकायचे. दोन्ही खरं आहे. आमच्या शेततळ्याचा प्लास्टिकचा कागद दोन ठिकाणी फाटला होता, पाणी डोळ्यांदेखत जमिनीत जात होतं, आणि नवा कागद टाकायचा तर बियाला चांगला भाव हवा होता.

आता माझ्या दादाचं सांगते, कारण सगळी गोष्ट त्याच्यापाशीच आहे.

माझं माहेर कुंभार पिंपळगावकडचं, मेंढरावाल्यांचं. बाकीच्या भावकीनं मेंढरं विकून शेती धरली, कुणी पुण्याला कंपनीत गेलं. माझा थोरला भाऊ तेवढा अजून मेंढरं घेऊन फिरतो. दर वर्षी दिवाळी झाली की तो कळप घेऊन निघतो आणि वाटेत दोन रात्री माझ्या रानात मेंढरं बसवतो. मेंढरं बसवायची म्हणजे मोकळ्या रानात जाळी लावून कळप रात्रभर आत ठेवायचा. लेंड्या आणि मूत जागच्या जागी पडतं, त्याच्यासारखं खत नाही. शेतकरी त्याबद्दल रात्रीच्या हिशोबानं धान्य देतो. पण बहिणीच्या रानात बसवलं तर धान्य घ्यायचं नसतं. आमच्यात ही रीतच आहे. मी त्याला टॉवेल-टोपी करते, पुरणपोळी घालते, आणि तो सकाळी जाळी गुंडाळून निघून जातो. भाऊबीजेला तो कधीच आला नाही. त्याची ओवाळणी माझ्या रानात पडायची. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, एक वर्ष त्यानं चुकवलं नव्हतं.

ह्यांना खत आवडायचं, पण कळप आवडायचा नाही. मेंढरं बांधावरचं एखादं झाड ओरबाडायचीच. “तुझ्या दादाची फौज आली,” असं ते म्हणायचे. एकदा लिंबाची दोन रोपं खाल्ली तेव्हा म्हणाले होते, “एक डाव अजून नुकसान होऊ दे, मंग बंद म्हणजे बंद.” ते गमतीत बोलले की खरं, हे मला त्यांच्या तोंडावरून कधी कळत नाही. पण ते वाक्य माझ्या डोक्यात जाऊन बसलं होतं.

त्या वर्षी दादा आला तो खुशीत होता. ओसरीवर टेकला नाही तोच सुरू झाला.

“बाई, वडीगोद्रीच्या अंगाला एकानं दीड एकर हिरवागार घास फुकट चारायला दिला बघ! त्याच्या घासात पिवळी दोरी गुतली म्हणं. कंपनीनं नापास केल्ता. म्हणला, कापायला मजुरी कुठून द्यू, सोड तुझी मेंढरं. पोट फुटंस्तोर खाल्लं त्यायनं.”

“दुसऱ्याचं नुकसान अन् तुला सणच झाला की,” मी म्हणाले, आणि आम्ही दोघं हसलो. तिथून तो दोन मुक्काम करून सरळ माझ्याकडे आला होता. घास पेरायचं रान नांगरून तयार होतं. मी स्वतः त्याला हात करून दाखवलं, “दादा, त्या एकरात जाळी लाव. औंदा बियाला भाव हाय, खत चांगलं पडू दे.”

फेब्रुवारीत दुसरी कापणी झाली, घास बियासाठी सोडला, आणि एका सकाळी पाणी बघायला गेले तर एका ठिकाणी घासाच्या काड्यांवर पिवळा दोरा पडल्यासारखा दिसला. स्वेटर उसवल्यावर निघतो तसा. पान नाही, मूळ नाही. मी वाकले आणि ती ओळखली. बदनापूरच्या एका मेळाव्यात हिचा फोटो मोठा करून दाखवला होता. अमरवेल. घासावर चढते, त्याचा रस पिते, आणि हिचं बी घासाच्या बियाएवढंच असतं. चाळणीतून दोन्ही एकत्रच पडतात. कंपनीला असलं बी चालत नाही, कारण ते ज्याच्या रानात जाईल त्याचाही घास बुडतो.

मी तिथेच हिशोब लावला. वडीगोद्रीचा दीड एकर, पोट फुटेस्तोवर, दोन मुक्काम. अमरवेलीचं बी मेंढराच्या पोटात मरत नाही, हेही त्या मेळाव्यात सांगितलं होतं. तेव्हा मी मागच्या बाईशी बोलत होते, तरी ते कानावर पडलं होतं. दादा हसत सांगत होता तेव्हा मात्र ते आठवलं नाही.

जागा मोठी नव्हती, दोन माणसं झोपतील अशा चटईएवढी. ह्यांना हाक मारली असती तर पाच मिनिटांचं काम होतं. पण कुठून आली, असं विचारलं असतं तर मी काय सांगणार होते? बंद म्हणजे बंद. मी दादाला फोन करून म्हणणार होते का, की तुझी मेंढरं आता माझ्या रानात नकोत? मी हाक मारली नाही. दोरा हातानं ओढून ओढून काढला, ओटीत भरला आणि बांधावर नेऊन मातीत दाबून टाकला.

तीन आठवडे मी रोज हेच केलं. ह्यांचा चहा व्हायच्या आत रानात जाऊन यायचे. विचारलं तर म्हणायचे, मधमाश्या बघून आले. पहिल्यांदा मधमाश्यांची इतकी काळजी करायला लागले म्हणून ते हसले. वेल मात्र संपेना. आज काढली की परवा पुन्हा. जेवताना माझं लक्ष नसायचं, रात्री कूस बदलत राहायचे, कुणी बांधावरून जाताना दिसलं की मला वाटायचं त्यानं पाहिलं. एका शेजारणीनं म्हशीसाठी दोन पेंढ्या घास मागितला तर मी तिच्यावर अशी काही खेकसले की ती आठ दिवस बोलली नाही. बिचारीचा काय दोष होता!

आणि भाव चढतच होता. त्यानं तरी जरा दम धरायचा. हे रोज जेवण झालं की फोन लावायचे, बोटानं हवेत आकडे काढायचे आणि माझ्याकडे बघून मान हलवायचे. एक व्यापारी तर घरी आला. कंपनीला कशाला देता, मी जागेवर रोख देतो, म्हणाला. ह्यांनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं. इतके खूश मी त्यांना कितीतरी वर्षांत पाहिले नव्हते. शेततळ्याच्या कागदाच्या दुकानात जाऊन ते नमुना घेऊन आले, काळा, जाड, हाताएवढा तुकडा. तो टीव्हीशेजारी ठेवलेला असायचा. येता-जाता तो मला दिसायचा आणि मला त्याचा राग यायचा.

मार्चमध्ये दादाचा फोन आला. तो सहसा फोन करत नाही, केला तरी ओरडून दोन वाक्यं बोलतो. त्या दिवशी हळू बोलला.

“बाई, हिकडं काईच न्हाई राह्यलं. नदीकाठसुदिक उघडा पडला. मेंढरं बाभळीच्या शेंगावर ठिवून राह्यलो. तुझ्याकडं बांधाकडचं काई मिळंल का? चार दिवसाचं जरी.”

जन्मात त्यानं मला काही मागितलं नव्हतं. मी म्हणाले, “ये. विचारतोस काय!” फोन ठेवला आणि मग मला ती वेल आठवली.

तो पोचायच्या आदल्या दिवशी कंपनीचा सुपरवायझर पाहणीला आला. विशीपंचविशीतला, नीट बोलणारा. तो घासातून सावकाश चालत गेला, मध्ये थांबला, पुन्हा चालला. हे त्याच्या मागे, मी ह्यांच्या मागे. मग त्यानं बसून एक काडी तोडली आणि वर धरली. मी सकाळी जिथून सगळं काढलं होतं तिथेच पिवळी गुंतवळ होती. तिथून पुढे दुसरी, पुढे तिसरी, सरळ बांधापर्यंत.

“काका, हे बघा. पण ही अशी ओळीनं कशी पसरली?” तो म्हणाला. “एका जागी गोल वाढत असती ही.”

हे वाकून बघत होते. त्यांना काही कळत नव्हतं. मला कळलं होतं. ती माझी वाट होती. रोज ओटी भरून मी ज्या वाटेनं बांधाकडे जायचे, त्याच वाटेवर तुकडे सांडत गेले होते, आणि जो तुकडा पडला तो जवळच्या काडीला चिकटून जगला होता.

“मीच तोडत व्हते,” मी म्हणाले. “तीन आठवडे झाले.”

“मावशी, तोडून जमत नसतं हिचं,” तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, त्यानं जास्तच लागलं. “जिथं दिसली तिथला घास मुळापासून कापायचा अन् जागेवरच जाळायचा. पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर होती तेवढ्याच जागेवर भागलं असतं. आता हा एकर मला पास करता येणार न्हाई, सगळाच जाळावा लागंल. बांधापलीकडचा एकर बघतो, तिथं नसली तर तेवढा ठेवू.”

पलीकडच्या एकरात नव्हती. मेंढरं तिथे बसली नव्हती. आली कुठून, हे त्यानं विचारलंच. मी सांगितलं. दादाचं, वडीगोद्रीचं, सगळं एका दमात सांगितलं, आणि ह्यांच्याकडे न बघता सांगितलं. ह्यांनी काही आरडाओरडा केला नाही. मग घरी हातपाय धुताना म्हणाले, “मला का न्हाई सांगितलं?” एवढंच. दादाबद्दल एक शब्द नाही. त्यांनी भांडण केलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दादा आला. मेंढरांच्या बरगड्या मोजता येत होत्या. नाकात हिरव्याचा वास गेला आणि सगळा कळप एका आवाजात ओरडायला लागला. दादाचं तोंड उजळलं. त्याला वाटलं, एवढा घास कापायला काढलाय तो त्याच्यासाठीच. आम्ही कापतच होतो, मी, हे आणि दोन मजूर बाया, पण ढीग जागच्या जागीच लावत होतो आणि बाजूला जाळायला वाळक्या तुराट्या रचल्या होत्या.

मी बांधावर जाऊन त्याला सांगितलं. सांगताना माझा आवाज चढला, घाबरले की माझा असाच चढतो. तो ऐकत राहिला. काठीवर दोन्ही हात ठेवून ऐकत राहिला.

“म्हणजे माझ्या मेंढरायनं आणली,” तो म्हणाला.

“मीच म्हणले व्हते, तिथं बसव म्हणून.”

“मंग आता हे कापलेलं?”

हे घासातूनच म्हणाले, “दादा, तुमीच सांगा काय करायचं ते. तुमची मेंढरं खातील, उद्या दुसऱ्या कुणाच्या रानात बसतील.”

दादानं कळपाकडे पाहिलं, मग घासाच्या ढिगांकडे. पुढची दोन-चार मेंढरं बांधावर चढली होती, ती त्यानं काठी आडवी घालून मागे लोटली. एक कोकरू आत घुसलंच, त्याला मानगुटीला धरून उचललं आणि तोंडातली काडी बोट घालून बाहेर काढली. ते बघून मला रडू फुटलं. मग कळप रस्त्याच्या पलीकडे पडीक रानात नेला, तिथे जाळी लावली, आणि परत येऊन तुराट्या उचलायला लागला. ओला घास पेटत नाही. तुराट्या घालून, डिझेल शिंपडून, खालीवर करून जाळावा लागतो. पांढरा धूर निघतो आणि डोळे झोंबतात. तालुक्यात काडी मिळत नव्हती त्या दिवसांत आम्ही तिघांनी उभं राहून एकरभर हिरवा चारा जाळला. पलीकडून मेंढरं ओरडत होती. एकदाही थांबली नाहीत.

ह्यांनी त्याला घरातला कडबा देऊ केला. “राहू द्या दाजी,” म्हणाला. चहा उभ्यानंच घेतला. मी टॉवेल-टोपी आणायला आत गेले आणि बाहेर आले तर तो रस्त्याला लागला होता.

राहिलेल्या एकराचं बी मे महिन्यात पास झालं. त्या दिवशीचा भाव त्या सालातला सगळ्यात चढा होता. एका एकरातसुद्धा शेततळ्याचा कागद निघाला. लोक येऊन म्हणाले, तुमचं नशीब जोरावर आहे. मी हसून चहा टाकला. आत मात्र माझा नुसता संताप होत होता. माझ्यावर, बियाच्या त्या चढ्या भावावर, आणि वाटेत दोन मुक्काम जास्त केले नाहीत म्हणून दादावरसुद्धा.

यंदा पाऊस बरा झाला. ज्याच्या त्याच्या रानात घास उभा आहे, आणि बियाचा भाव असा आपटला की मागे घरी येऊन चहा पिऊन गेलेला व्यापारी आता फोन उचलत नाही. दिवाळी झाली. मी रोज रस्त्याकडे बघत होते. चार वेळा उगाच बांधावर जाऊन आले. दादा आला, पण एसटीनं आला. हातात कापडी पिशवी, अंगात धुतलेला सदरा. मेंढरं पोराजवळ ठेवून आलो, म्हणाला. पाहुण्यासारखा खुर्चीवर बसला. काठीशिवाय त्याच्या हातांना काय करावं सुचत नव्हतं. पुरणपोळी एकच खाल्ली.

सकाळी उठले तर दादाचं अंथरूण रिकामं. मी धावतच रानात गेले. तो पलीकडच्या एकरात, कोवळ्या घासातून वाकून चालत होता. दोन पावलं टाकायचा, हातानं काड्या बाजूला करायचा, बघायचा, पुढे सरकायचा. अर्धं रान त्यानं तसं पालथं घातलं होतं.

“दादा, काय शोधतोस?”

“तुझ्या रानात माझं काई राह्यलं तर न्हाई ना, ते बघून राह्यलो.”

मला एकदम राग आला. म्हणाले, “पुरे झालं! म्होरल्या साली मेंढरं घेऊन ये. कंपनीच्या त्या सायबाला मी इचारलंय. आधी आठ दिवस पडीक रानात कोरड्या कडब्यावर ठिवायची, पोट साफ झालं की मंग बसवायची. भेव न्हाई काई. आठ दिवसाचा कडबा हाय आमच्याकडं.”

तो उभा राहिला. कमरेवर हात ठेवून पाठ सरळ केली. थोडा वेळ पडीक रानाकडे बघत काहीतरी हिशोब करत होता. मग हातांची माती झटकून त्यानं विचारलं,

“कडबा काय भावानं देशील, बाई?”

सत्तावीस वर्षांत आम्हा दोघांत भाव हा शब्द कधी आला नव्हता.